आधी संध्याकाळ बघा, शेत नंतर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगा 24 वर्षांचा, ऑटिझम, बोलणं दहा-बारा शब्दांचं. शाळा संपून सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरीच. फिट्सची गोळी चालू आहे. पाण्याचं वेड, चालायची आवड, गोंगाट झाला की कानावर हात. तुम्ही दोघं साठीला टेकलात. शेतावरच्या एका निवासी वस्तीचा व्हिडिओ पाहिलात, त्यात हिरवे वाफे, टोपलीत भाजी, हसणारी माणसं, आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. प्रश्न तीन: हे आमच्या मुलाला मानवेल का, चांगली जागा ओळखायची कशी, आणि ओळखीच्या पाच कुटुंबांनी मिळून जमीन घेऊन स्वतःच असं काही सुरू करावं का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं माणसाला जमतील अशी मांडून देणं हे माझं काम. गेली 19 वर्षं अशाच एका वस्तीत काम करते, त्यातली चार वर्षं तिथे मुक्कामाला राहून काढली. शेवटून सुरुवात करते. जमीन आत्ता घेऊ नका. चांगली जागा संध्याकाळी पाचनंतर ओळखू येते, सकाळी सगळ्याच चांगल्या दिसतात. आणि मानवेल का, हे तुमचा मुलगाच सांगेल. फक्त त्याला विचारायची पद्धत वेगळी आहे. आता सविस्तर.

शेतावर मन शांत होतं वगैरे मी म्हणणार नाही. शेतावर डास असतात, चिखल असतो, आणि आमच्या कोंबड्याला पहाटे चारलाच कंठ फुटतो. शेताचा खरा उपयोग असा की काम कुठे सुरू होतं, किती आहे आणि कधी संपलं हे डोळ्यांना दिसतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी उभा केलेला ‘टीच’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात कामाची मांडणी चार प्रश्नांवर करतात: कोणतं काम, किती, संपलं हे कशावरून कळणार, आणि त्यानंतर काय. वर्गात या चारांची उत्तरं द्यायला डबे, कप्पे, चित्रं, रंगीत पट्ट्या असा सरंजाम लागतो. शेतावर वाफाच उत्तर देतो. या टोकाला पाणी घालायला सुरुवात, त्या टोकाला शेवट. माती ओली म्हणजे झालं, कोरडी म्हणजे राहिलं.

अंड्यांचं काम घ्या. खुराड्यातून गोळा करायची, कोरड्या फडक्याने पुसायची, दिव्यासमोर धरून तडा आहे का बघायचा, वजनाप्रमाणे वेगळी करायची, 30 खळग्यांच्या ट्रेमध्ये लावायची, ट्रेवर तारखेचा शिक्का मारायचा. एका कामाच्या पोटात सहा कामं, आणि प्रत्येकाला वेगळ्या स्वभावाचा माणूस लागतो. आमच्याकडे चाळिशीचे एक जण आहेत, तोंडातून शब्द काढत नाहीत. ते फक्त ट्रे लावतात. निमुळतं टोक खाली, सगळी अंडी एकसारखी. मी एकदा गंमत म्हणून एक अंडं उलटं ठेवलं. त्यांनी माझ्याकडे न बघता ते सुलटं केलं, मग माझा हात मनगटाला धरला आणि ट्रेपासून लांब नेऊन ठेवला. तिसावा खळगा भरला की ते ट्रेच्या कडेवर तळहाताने दोनदा थोपटतात. रिकामा खळगा म्हणजे काम बाकी, हे त्यांना आमच्यापैकी कुणी शिकवलेलं नाही.

दुसरा फायदा जड कामाचा. ओढणं, ढकलणं, उचलणं, खणणं यांत सांधे आणि स्नायूंवर जो दाब पडतो, त्याने आमच्या बऱ्याच रहिवाशांची अस्वस्थता उतरते. थेरपीच्या खोलीत यासाठी वजनाची जाकिटं आणि गाद्या असतात. इथे कंपोस्टने भरलेली हातगाडी असते, आणि ती ढकलल्याने खत खरंच वाफ्यावर पोचतं. हा ‘खरंच’ महत्त्वाचा आहे. एका डब्यातले मणी दुसऱ्या डब्यात टाकायला लावलं आणि संध्याकाळी गुपचूप पुन्हा पहिल्या डब्यात ओतले, हे न बोलणाऱ्या माणसालाही कळतं. मी शिकाऊ असताना हे केलेलं आहे, आणि एका बाईंनी तो डबा खिडकीबाहेर फेकलेला पाहिलेला आहे. त्यांचं बरोबर होतं.

ही कल्पना जुनी आहे. ऑटिझमचं सगळ्यात गाजलेलं सुरुवातीचं वर्णन लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 मध्ये केलं. त्यातला पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपीतला डॉनल्ड ट्रिपलेट. 1942 मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याला घरापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवलं होतं. मे 1945 मध्ये कॅनर त्याला भेटायला गेले आणि त्या जोडप्याचं शहाणपण पाहून थक्क झाले. डॉनल्डला मोजमापाचं वेड. त्यांनी त्याला विहीर खणायला लावून खोली किती झाली ते सांगायचं काम दिलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा. त्यांनी त्याला ‘स्मशाना’साठी जागा नेमून दिली आणि प्रत्येकाच्या नावाची पाटी लावायला सांगितलं. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा. मग नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर यांच्यासमोर त्याने घोडा-नांगर धरून सहा लांब ओळी नांगरल्या. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, आणि 2023 मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. सगळे डॉनल्ड होत नाहीत, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण त्या जोडप्याने जे केलं, म्हणजे ज्याला सगळे खोड म्हणत होते त्यालाच काम जोडून दिलं, त्यापलीकडे मी 19 वर्षांत फार काही शिकलेली नाही.

आता दुसरी बाजू. शेत सगळ्यांना मानवत नाही. ओल्या मातीचा स्पर्श ज्याला सहन होत नाही त्याला हातमोजे दिले तर आतून घामाने ओले होणारे हातमोजे सहन होत नाहीत. वाळलेल्या गवताची कुसं टोचतात. गाय कधी हंबरेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि तुमचा मुलगा कानावर हात ठेवतो म्हणता. आमच्याकडे एक तरुण दोन वर्षं शेतावर राहिला आणि शेतात फार तर आठवडाभर गेला असेल. त्याला लेबलं चिकटवायला आणि रोजचा हिशेब वहीत उतरवायला आवडायचं. चांगल्या वस्तीत याला जागा असते. ‘इथे आलात म्हणजे खुरपं धरायलाच हवं’ असं जिथे म्हणतात तिथून परत या.

आणि शेताबद्दल सगळेच एक चुकीचं सांगतात, की शेतावर ठराविक दिनक्रम असतो म्हणून ऑटिझमला ते बरं. जनावरांचा दिनक्रम ठराविक, हे खरं. पिकाचा नाही. पीक संपतं. हे मी एका रहिवाशाच्या कपाळावरच्या टाक्यांमुळे शिकले. तो चार महिने टोमॅटोच्या एकाच वाफ्याला रोज सकाळी पाणी घालत होता. झाडं पिवळी पडली, हंगाम संपला, आणि आम्ही एका दुपारी, तो डॉक्टरकडे गेलेला असताना, ती उपटून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झारी घेऊन आला. मोकळ्या मातीला पाणी घातलं. पुन्हा झारी भरून आणली, पुन्हा घातलं. तिसऱ्या झारीनंतर त्याने पंपघराच्या भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. चूक सरळ आमची होती. त्याच्या दृष्टीने काल रात्रीत कुणीतरी त्याचं काम चोरलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे रिवाज असा आहे की शेवटचं झाड ज्याचा वाफा त्यानेच उपटायचं, कंपोस्टच्या ढिगात त्यानेच नेऊन टाकायचं, आणि पुढचा वाफा त्याच्या आधी दहा दिवस तयार असायचा, शेजारी, दिसेल असा. पाहायला गेलात की विचारा: हंगाम संपतो तेव्हा तुम्ही काय करता? प्रश्नच कळला नाही तर तो अनुभव त्यांच्या वाट्याला अजून आलेला नाही, किंवा आला आणि त्यांनी गोळी वाढवून मिटवला.

तुमच्या मुलाच्या फिट्सबद्दल थोडं खोलात लिहिते, कारण शेतावर हा विषय घरापेक्षा वेगळा होतो. ऑटिझमबरोबर बौद्धिक अक्षमताही असेल तर साधारण पाचातल्या एकाला फिट्सचा त्रास असतो, त्यामुळे अनुभवी वस्तीला तुमचा मुलगा अवघड वाटायला नको. पण पाण्याचं वेड अधिक फिट्स, ही जोडी मात्र मला झोप लागू देत नाही. तळं, शेततळं, उघडी टाकी, कालवा, जनावरांची पाण्याची टाकीसुद्धा: प्रत्येकाला कुंपण आहे का, आणि कुंपणाचं दार आपोआप बंद होतं का, हे स्वतःच्या हाताने ढकलून बघा. ‘आमचं लक्ष असतं’ हे उत्तर चालत नाही. त्याला पाणी हवं तर द्यावंच, पण माणूस बरोबर ठेवून: झारी, नळी, ट्रे धुणं, बादल्या भरणं. शिडी, विळा, गवत कापायचं यंत्र त्याच्या वाटेत येता कामा नये. रात्रीची झोप बिघडली की फिट्स वाढतात, म्हणून पहाटेच्या धारेची जबाबदारी त्याला देणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

गोळी कोणती तेही बघून घ्या. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या फिट्सवरच्या औषधांनी काहींना घाम कमी येतो, त्यामुळे उन्हात अंग तापतं. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनीही उन्हाचा त्रास वाढतो. त्यात आपल्या माणसांना तहान लागल्याचं कळत नाही किंवा सांगता येत नाही. म्हणून ‘तहान लागली की पाणी पी’ ही सूचना निरुपयोगी. आमच्याकडे दर पाऊण तासाला घंटा होते, सगळे पाणी पितात, मीही पिते. माती-बी तोंडात घालायची सवय असेल तर औषध लावलेलं बियाणं, उंदरांचं विष आणि फवारणीचं सामान कुठे, कोणत्या कुलपात ठेवतात ते उघडून दाखवायला सांगा. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या.

इतिहासातून दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला भिडतात. इंग्लंडमध्ये सिबिल एल्गर या शिक्षिकेने ऑटिझम असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. मुलं मोठी झाली, शाळेबाहेर त्यांना जागा नव्हती, आणि त्यातून 1974 मध्ये सॉमरसेट कोर्ट ही प्रौढांची निवासी वस्ती उभी राहिली. तीच पाहून बेटी रूथ के या अमेरिकन शिक्षिकेने 1983 मध्ये ओहायोत 80 एकरांवर ‘बिटरस्वीट फार्म्स’ सुरू केलं, आणि पुढच्या बऱ्याच शेतवस्त्यांनी त्यांच्याकडे पाहून पाऊल टाकलं. इटलीत पावियाकडे 2002 पासून ‘कॅशीना रोसागो’ आहे. याहून वेगळी वाट कॅम्पहिलची. कार्ल कोनिग आणि नाझींपासून पळून आलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनजवळ ती सुरू केली. तिथे कर्मचारी आणि रहिवासी एकाच घरात, एकाच टेबलावर, पगाराशिवाय राहत. फार सुंदर कल्पना, आणि चालवायला फार कठीण. आयुष्य वाहून घेणारी माणसं म्हातारी होतात आणि त्यांच्या जागी तशी येतीलच असं नाही. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पगारी माणसांचं मॉडेल कमी काव्यमय आहे. मला तेच जास्त भरवशाचं वाटतं. पगारी माणसाला सुट्टी मिळते.

आता जी गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते ती. यांतल्या बऱ्याच शेतवस्त्यांचं मूळ असलेल्या सॉमरसेट कोर्टच्या आवारातल्या मेंडिप हाऊस नावाच्या घरात कर्मचारी रहिवाशांचा छळ आणि टवाळी करत असल्याचं 2016 मध्ये उघड झालं. ते घर बंद झालं, आणि 2018 मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. जागा तीच, झाडं तीच, नाव मोठं, चालवणारी संस्था जुनी. त्याने काही अडलं नाही. रहिवासी लांबलांबून आणून ठेवलेले होते, आणि घरात येऊन टेकणारं बाहेरचं माणूस कमी होतं. शेत गावापासून दूर असतं, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. फाटक बंद झालं की आत काय चाललंय ते न बोलणारा माणूस सांगायला येत नाही.

म्हणूनच ऑटिझम असलेल्या बोलत्या-लिहित्या माणसांच्या संघटना शेतवस्त्यांवर कडाडून टीका करतात. त्यांचं म्हणणं, हे सुंदर कुंपण आहे, पण कुंपणच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराचं कलम 19 सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क माणसाचा आहे. अमेरिकेत 2014 मध्ये मेडिकेडने, म्हणजे गरीब आणि अपंग माणसांच्या सेवांचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेने, निवासी सेवांचे नियम बदलले, तेव्हा माणसाला समाजापासून तोडणाऱ्या जागांच्या उदाहरणांत शेतवस्ती नावानिशी होती. पालक आणि संस्था चिडल्या, वाद झाला, आणि 2019 मध्ये ते मार्गदर्शन बदलून जागेच्या प्रकाराऐवजी तिथे राहणाऱ्याला प्रत्यक्षात काय मिळतं यावर भर आला. मी शेतवस्तीत काम करते, तरी सांगते, टीकाकारांचं निम्मं मला पटतं. शहरातल्या चार खोल्यांच्या फ्लॅटमध्येही माणूस महिनोन्महिने टीव्हीसमोर कोंडलेला मी पाहिला आहे, म्हणून उरलेलं निम्मं पटत नाही.

तर संध्याकाळ. तुम्हाला पाहायला बोलावतील ते सकाळी दहाला. वाफे, गोठा, भाजीच्या टोपल्या, कुणीतरी तुम्हाला फूल देईल. जा, बघा, मग सांगा की आम्हाला संध्याकाळी पाच ते नऊ थांबायचंय. काम संपलेलं असतं, दिवसपाळी घरी गेलेली असते, जेवण व्हायचं असतं. वस्तीचं खरं आयुष्य हे चार तास आहेत. कोण काय करतंय? प्रत्येकाला स्वतःची खोली आहे का, की आठ जणांचा हॉल? खोलीचं दार आतून लागतं का, आणि अडचणीच्या वेळी कर्मचारी ते बाहेरून उघडू शकतात का? एका घरात चार ते सहा माणसं असली तर घरासारखं राहतं. वीस झाली की वसतिगृह होतं, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. कुणी अस्वस्थ होऊन ओरडायला लागलं तर कर्मचारी त्याच्या जवळ जातात की आधी तुमच्याकडे बघतात? रात्री जागा माणूस असतो की झोपलेला? तुमच्या मुलाला फिट्स आहेत, तुम्हाला जागाच हवा.

सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: गेल्या वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, आणि सगळ्यात जुना कर्मचारी किती वर्षं इथे आहे? आमच्या लोकांना नवीन माणूस ओळखायला महिने लागतात. दर चार महिन्यांनी चेहरे बदलणाऱ्या जागी कितीही सुपीक जमीन असली तरी रहिवासी कायम पाहुण्यांच्या घरात राहतो. त्यानंतर विचारा, आम्ही न कळवता आलो तर चालेल का. उत्तर येण्याआधी जो क्षणभर थांबा असतो ना, तो ऐका. आठवड्यातून किती वेळा रहिवासी फाटकाबाहेर जातात, दुकानात, केस कापायला, पोहायला, बाजारात स्वतःची भाजी विकायला, तेही विचारा. आणि इथे राहायचं नाही असं एखाद्याने दाखवलं, म्हणजे रोज बॅग भरून फाटकाशी बसला, तर तुम्ही काय करता?

(एक सांगायचं राहिलं. आम्ही सगळेच, मीसुद्धा, रहिवाशांना ‘मुलं’ म्हणतो. ‘मुलं जेवली का?’ त्यांतल्या एकांचं तर नातवंडं असायचं वय आहे. ज्या वस्तीत कुणीतरी हा शब्द जिभेवर अडवायचा प्रयत्न करतंय तिथे बाकीच्या गोष्टीही बऱ्या असतात, असा माझा अनुभव आहे.)

पैशांचं. कामाचे पैसे रहिवाशाला मिळतात का, हा प्रश्न विचारताना पालकांना उगाच संकोच वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना शेतवसाहतींत ठेवून फुकट राबवून घेत, आणि त्याला उपचार म्हणत. 1973 मध्ये अमेरिकेत सूडर विरुद्ध ब्रेनन या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की संस्थेत राहणारा माणूस संस्थेचं काम करत असेल तर किमान वेतनाचा कायदा त्यालाही आहे. मोठ्या संस्थांनी मग पैसे द्यायच्या ऐवजी बऱ्याच ठिकाणी कामच बंद केलं, हा त्यातला कडू भाग. माझी कसोटी साधी आहे. तो नाही आला तर ते काम दुसऱ्या कुणाला पगार देऊन करून घ्यावं लागेल का? लागणार असेल तर ते काम आहे, आणि त्याचे पैसे त्याचे. शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि ‘आज नको’ म्हणायची मुभा असावी.

आता तुमची पाच कुटुंबं आणि जमीन. ही इच्छा मला समजते. मी किमान सात-आठ अशा गटांबरोबर बसले आहे. बहुतेक वेळा जमीन आधी येते, कारण ती दिसते, तिचा फोटो काढता येतो, आणि पैसे भरले की काहीतरी झालं असं वाटतं. मग कुंपण, विहीर, बांधकाम, आणि तीन वर्षांनी घर तयार होतं तेव्हा पैसे आणि पालक दोन्ही दमलेले असतात. आत काम करायला माणूस नसतो. अशा वस्तीचा मोठा खर्च पगारांचा, दर महिन्याला, कायमचा. भाजी-अंडी विकून तो निघत नाही. विक्रीतून बियाणं, खाद्य आणि रहिवाशांचा मेहनताना सुटला तरी मी खूश असते. शेत नफ्यात आणायच्या मागे लागलात की काम भराभर करणारी माणसं ठेवाल, आणि ज्यांच्यासाठी हे उभं केलं ते कडेला बसून बघतील.

पालकांनी चालवलेल्या वस्तीचा एक पेच आधीच बोलून घ्या. पाचांपैकी एकाचा मुलगा दुसऱ्याच्या मुलीला चावला, आणि त्याचे वडील विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आहेत. काय कराल? मी हा प्रसंग बैठकीत विचारते तेव्हा सगळे हसतात आणि चहाची वेळ होते. ज्या गटाने तो प्रश्न वहीत लिहून घेतला, तोच गट आज वस्ती चालवतो आहे. त्यांनी नियम केला की मंडळात निम्म्याहून जास्त माणसं अशी हवीत ज्यांचं कुणी आत राहत नाही. दुसरं, पैसे घातल्यामुळे जागा मिळते की गरजेमुळे? एखाद्याचा मुलगा रुळला नाही आणि परत गेला तर त्यांचे पैसे परत मिळणार का, कधी? एक पालक गेले आणि त्यांच्या दुसऱ्या मुलाला आपला हिस्सा विकायचा असेल तर? जमीन व्यक्तींच्या नावावर असेल तर हा दिवस येतोच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दोन चांगली माणसं शोधा आणि त्यांना नीट पगार द्या. मग चालू असलेलं एखादं शेत, रोपवाटिका किंवा गोठा गाठा, जिथे मालकाला हरकत नाही, आणि आठवड्यातून दोन सकाळी तुमच्या पाचही जणांना तिथे न्या. वर्षभर. पावसात, उन्हात, पीक संपल्यावर. तुम्हाला कळेल की पाचांतले कदाचित तीनच शेताचे आहेत, एकाला सुतारकाम हवं आहे आणि एकाला शहरच बरं. मग भाड्याचं घर, आठवड्यातून दोन रात्री. जमीन त्यानंतर, वाटलीच तर. कधीकधी वाटतच नाही, आणि ते अपयश मोजू नका.

तुमच्या मुलाला विचारायची रीत हीच आहे, त्याला नेऊन बघणं. पहिल्या भेटीत तो गाडीतून उतरला नाही तर त्याचा काही अर्थ काढू नका. सहाव्या भेटीत सकाळी बूट स्वतः दाराशी आणून ठेवतो का ते बघा. किंवा उलट, त्या दिवशी नाश्ता सोडतो का, रात्री झोप उडते का, स्वतःला चावायची जुनी सवय परत येते का. या नोंदी तारखेनिशी ठेवा, आठवणीवर सोडू नका. आपली आठवण आपल्या इच्छेच्या बाजूने झुकते. राहायला जायचं ठरलं तर दिवसाच्या भेटी, मग एक रात्र, मग दोन, असं तीन-चार महिने घ्या. त्याची उशी, त्याची चादर, त्याचा पेला आधी तिथे जाऊ दे, न धुता, घरच्या वासासकट. ‘महिनाभर पालकांनी येऊ नये म्हणजे रुळतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा, आणि तो वार त्याच्या वेळापत्रकावर तुमच्या फोटोने दाखवलेला असू दे.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. या आठवड्यात मात्र एक काम करा, जागा मिळो न मिळो. दोन पानं लिहा, त्याच्याबद्दल, तुम्ही दोघंही नसाल तेव्हा अनोळखी माणसाच्या हातात पडतील अशी. आजार आणि औषधं एका पानावर. दुसऱ्या पानावर, त्याला दुखतं तेव्हा तो काय करतो. दात दुखला की गालावर बुक्की मारतो का, पोट साफ नसलं की जेवताना उठून जातो का, कान दुखला की उशी फेकतो का. फिट येण्याआधी चेहऱ्यावर काय दिसतं आणि फिटनंतर किती वेळ झोपतो. ते दहा-बारा शब्द कोणते आणि त्यांचे त्याच्या लेखी अर्थ काय. आमच्याकडचे एक जण ‘बस’ म्हणतात तेव्हा त्यांना बाथरूमला जायचं असतं, आणि हे कळायला आम्हाला पाच महिने लागले, कारण त्यांच्या आईने ते कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांना ते इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही.